‘नो फॉल्ट फाउंड’ म्हणे!

काल संध्याकाळी सव्वासातला मॉनिटरच्या कंपनीचा माणूस येऊन ‘दोष आढळला नाही’ असं लिहून गेला, तेव्हापासून डोकं फिरलंय. रात्री धड झोप नाही. सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसलो.

नवा मॉनिटर घेतला त्याला आज चौथा दिवस. २७ इंची, १४४०पी (२५६० गुणिले १४४० ठिपके), १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० चित्रं), आणि खोक्यावर लाल रंगात तळहाताएवढा आकडा : १ एमएस. म्हणजे ठिपका एका मिलिसेकंदात रंग बदलणार, असं मी धरलं. साडेसतरा हजार मोजले. आठ महिने दोन-अडीच हजार बाजूला टाकत जमवलेले पैसे होते ते. पीसी आधीच बांधून झाला होता, ग्राफिक्स कार्ड १४४०पीला पुरेल असंच बघून घेतलं होतं, मॉनिटर तेवढा राहिला होता. रात्री साडेदहाला शटर ओढायचं, घरी येऊन जेवायचं, पोरं झोपली की तास-दीड तास खेळायचं. दिवसभरातलं तेवढंच माझं असतं.

पहिल्याच रात्री गेममध्ये एका अंधाऱ्या बोगद्यात शिरलो, माऊस वळवला, तर भिंतीच्या कडेमागून काळी शेपूट ओढल्यासारखी फरपटत आली. म्हटलं गेमचं काहीतरी असेल. गेम बंद केला, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एक मराठी लेख उघडला आणि चाकाने वर सरकवला. प्रत्येक शिरोरेषेखाली जांभळट राड. वेलांट्या एकमेकींत मिसळलेल्या, अनुस्वार तर दिसेनासेच. थांबवलं की अक्षर लख्ख, सरकवलं की पुन्हा चिखल. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. साडेसतरा हजारांच्या स्क्रीनवर मला माझी भाषा वाचता येत नव्हती.

तक्रार नोंदवली. काल माणूस आला. पंचविशीतला मुलगा, पाठीवर सॅक, घामाने निथळलेला. पाणी दिलं. मी लेख सरकवून दाखवला. त्याला दिसलं. त्याची भुवई वर गेली, मी पाहिलं ना! मग म्हणतो, “काका, तो एक एमएसवाला मोड चालू केला होता का?”

नाही म्हटलं, तूच कर.

त्याने स्क्रीनच्या मागे हात घालून ती मेनूची काडी हलवली, मोड चालू केला आणि अख्खी स्क्रीन काळवंडली. व्होल्टेज उतरल्यावर बल्ब मंदावतो ना, तशी. मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकची, म्हणजे मॉनिटरचा वेग ग्राफिक्स कार्डाशी जुळवून घेण्याच्या सोयीची, ओळ करडी पडली. मी विचारलं, “सिंक बंद का झालं?”

“दोन्ही एकत्र चालत नाहीत काका.”

“मग खोक्यावर दोन्ही का छापलंय?”

गप्प. मोड बंद केला, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला जोरात ढकलून रंग बदलायला लावायचं सेटिंग, शेवटच्या पायरीवर नेला. काळी शेपूट कमी झाली, तिच्या जागी पांढरी कड आली, प्रत्येक अक्षराला चुना लावल्यासारखी. पुन्हा आधीच्या पायरीवर आणला. मग मोबाइल काढून अ‍ॅपमध्ये काहीतरी टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “काका, ओटीपी सांगा. कॉल क्लोज करायचाय.”

मी म्हटलं, काय लिहिलंस ते दाखव. दाखवलं त्याने. ‘नो फॉल्ट फाउंड.’

अरे, तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस ना आत्ता? भुवई वर गेली ना तुझी? तो म्हणाला, “पॅनल खराब नाहीये काका. पॅनल असंच आहे. असं लिहायला अ‍ॅपमध्ये जागा नाही.” मी ओटीपी द्यायचं नाकारलं. तो दारातच उभा राहिला. अजून ठाकुर्लीत दोन घरं करायची होती त्याला, कॉल बंद झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही म्हणाला. त्या पोराशी माझं काय भांडण? दिला ओटीपी. तो जिना उतरला नाही तोवर मेसेज आला : आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.

समाधानकारकरीत्या! कोणाचं समाधान झालं? माझं नाही. त्या पोराचंही नाही, मान खाली घालून गेला तो.

आणि हे तीन शब्द नुसते शब्द नाहीत. विक्रीच्या अटीत लिहिलंय की सात दिवसांत फक्त बदली मिळेल, पैसे परत नाहीत, आणि बदलीही तंत्रज्ञाने दोष मान्य केला तरच. म्हणजे ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं की दार बंद. दाखवायला दोष आहे आणि लिहायला जागा नाही, अशी व्यवस्थाच करून ठेवली आहे.

मग मी हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी अमुक आकडा दाबा म्हणाले, दाबला, पलीकडून हिंदी. बावीस मिनिटं संगीत ऐकवलं. शेवटी बाई म्हणाल्या, “सर, खोक्याच्या खालच्या बाजूला लिहिलंय बघा, एमपीआरटी.” बघितलं. खरंच होतं. बारकोडच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मी औषधाच्या दुकानात काम करतो, रोज शेकड्याने एक्स्पायरीच्या तारखा वाचणारे डोळे आहेत माझे, तरी मला चष्मा काढून खोका नाकाशी धरावा लागला.

एमपीआरटी म्हणजे चित्र डोळ्यांसमोर किती वेळ टिकतं त्याचं माप. मागचा दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभर पेटवून विझवला की हे माप खाली येतं, आणि अर्थात उजेडही खाली येतो. पिक्सेल होता तेवढाच संथ राहतो. एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला पिक्सेलला किती वेळ लागतो ते माप वेगळं, जीटीजी. त्यातही छापायला सगळ्यात जलद पडणारी उडी निवडतात. माझ्यासारख्या स्वस्त व्हीए पॅनलला (व्हीए हा पॅनलचा एक प्रकार) काळ्यातून गडद करड्यात जायला वीस-वीस, तीस-तीस मिलिसेकंद लागतात. १८० हर्ट्झला एक फ्रेम ५.५६ मिलिसेकंदांची. म्हणजे पिक्सेल जाग्यावर पोचेपर्यंत चार-पाच फ्रेम निघून गेलेल्या असतात. शेपूट दिसेल नाही तर काय होईल? हे सगळं मला कधी कळलं? पैसे भरल्यावर. दोन रात्री जागून.

माझ्या धंद्यात पट्टीवर ५०० मिलिग्रॅम छापलं असेल तर आत तेवढं, ठरवून दिलेल्या थोड्याशा फरकाच्या आत, असावंच लागतं. नमुना तपासायला जातो, कमी भरलं तर अख्खी बॅच परत बोलावतात, परवान्यावर येतं. ‘अमुक परिस्थितीत, अमुक गोष्टी बंद ठेवल्यास, ५०० पर्यंत’ असं कोणी छापून दाखवावं! आणि इथे खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा एका अशा मोडचा, जो चालू करून मी तरी खेळू शकत नाही.

तोच खोका, दुसरी बाजू. ‘एचडीआर १०’. मी एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवायची सोय) चालू केलं आणि डेस्कटॉप धुतलेल्या कपड्यासारखा फिकट झाला. का? कारण हे छापायला एचडीआरचा सिग्नल स्वीकारता आला की पुरतं. दाखवता आला पाहिजे असं नाही. त्यातला दहाचा आकडा दहा बिटचा आहे, गुणांचा नाही. व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या डिसेंबरात डिस्प्लेएचडीआरची प्रमाणपत्रं आणली, त्यातली सगळ्यात खालची पायरी ४०० निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप), आणि तीही बरेच लोक पुरेशी मानत नाहीत. माझा मॉनिटर ३०० चा. म्हणजे खालच्या पायरीच्याही खाली उभा राहून छातीवर बिल्ला लावलाय.

केबलचं ऐका. खोक्यात एकच केबल, एचडीएमआयची. ती लावली की १४४ च्या वर जात नाही, १८० साठी डिस्प्लेपोर्टची केबल लागते, ती आपण वेगळी विकत आणायची. आठशे रुपये. एचडीएमआयची आवृत्ती २.० की २.१ हे बघून घ्यावं म्हटलं, तर त्यातही अर्थ उरलेला नाही. २०२१ च्या शेवटी परवाना देणाऱ्या संस्थेनेच सांगून टाकलं की २.० हे वेगळं काही राहिलेलं नाही, आणि २.१ मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. जुन्याच १८ गिगाबिटच्या पोर्टवर २.१ छापलं तरी चालतं. मग त्या आकड्याचं ग्राहकाने करायचं काय?

आणि १४४०पीला चिकटवलेलं ते ‘२के’! चीड येते मला त्या शब्दाची. सिनेमाच्या प्रमाणात २के म्हणजे २०४८ गुणिले १०८०. २५६० गुणिले १४४० ला २के कुठल्या हिशेबाने म्हणायचं? त्या हिशेबाने तर आपला जुना फुल एचडीच (१९२० गुणिले १०८०) २केच्या जास्त जवळ. तरी सगळ्या दुकानांत, सगळ्या व्हिडिओंत २के, २के. २४ इंची म्हणून जो विकतात तो २३.८ भरतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्टमध्ये (कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) शून्यं मोजता मोजता जीव जातो, खरा आकडा आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलला हजाराच्या आसपास आणि व्हीएला तीन हजारांच्या. त्या तीन हजारांसाठी, रात्री खेळतो म्हणून, मी व्हीए निवडला. काळा रंग खोल दिसतो हे खरंच आहे. तो काळा रंग हलला की काय होतं ते कोणी बोललं नाही.

न बघता का घेतलास, असं बायकोसकट तिघांनी विचारून झालंय. बघायला गेलो होतो! एक अख्खी सुट्टी घालवली. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. एका दुकानात बारा मॉनिटर ओळीने लावलेले, बाराही मॉनिटरवर एकच पोपटांचा व्हिडिओ, उजेड पूर्ण वाढवलेला. मी एकाच्या विंडोज सेटिंगमध्ये शिरलो, १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चाललेला. ते दाखवलं तर “साहेब, हात लावू नका.” अंधारातलं काहीतरी लावून दाखवा म्हटलं, तर “खोका उघडला की घ्यावाच लागेल.” कपड्याच्या दुकानात दोनशे रुपयांचा शर्ट अंगाला लावून बघू देतात.

ते ६० चं दुखणं तर घरोघरी असेल. माझ्या मेहुण्याने १४४ चा घेतला आणि दीड वर्ष ६० वर वापरला. विंडोज आपण होऊन वर नेतंच असं नाही, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बदलावं लागतं. खोक्यात सतरा भाषांतलं सुरक्षेचं पत्रक असतं, मॉनिटर पाण्यात बुडवू नये हे सांगायला. ही एक ओळ छापायला जागा नसते.

व्हिडिओवाल्यांचं तर नावच काढू नका. वीस मिनिटं बोलतात, त्यात बारा मिनिटं खोका उघडणं. पाठीमागचे रंगीत दिवे कसे झगमगतात ते दाखवतात. अरे, माझा मॉनिटर भिंतीला टेकलेला आहे, ते दिवे पालीला दाखवू का? त्या दिव्यांचे पैसे काढून उंची कमीजास्त होणारा स्टँड द्या. माझा स्टँड नुसता मागेपुढे झुकतो, त्याखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा लावलाय. आणि ते इंग्रजी व्हीसारखे फाकलेले पाय! वन बीएचकेतलं टेबल अठरा इंच खोल, त्यातलं निम्मं पायांनीच खाल्लं. कीबोर्ड तिरका ठेवून खेळतोय मी.

 स्वस्तात २७ इंची फुल एचडी घ्यावा तर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल, जोडाक्षरांच्या पायऱ्या मोजून घ्याव्यात. म्हणून १४४०पी. सगळा विचार करून घेतलेली वस्तू आहे ही. चार महिने तक्ते वाचले, वहीत दोन पानं भरून आकडे उतरवले, आणि नेमका तोच आकडा खोटा निघाला ज्याच्यावर मी शेवटचा निर्णय घेतला.

खोटाच म्हणतो मी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हेही तीत येतं. पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बारकोडशेजारी मुंगीच्या पायाएवढं छापणं म्हणजे दडवणं नाही तर काय?

आज सकाळी खेकसून झाल्यावर, दुकान जरा रिकामं झालं तेव्हा १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार घेतली, क्रमांक दिला. खोक्याचे फोटो, बारीक अक्षरांचे फोटो, मोड चालू असताना आणि बंद असतानाचा व्हिडिओ, सगळं तयार ठेवलंय. त्या मेसेजचा स्क्रीनशॉटही, समाधानकारकरीत्या म्हणणारा.

क्रमांक मार्करने खोक्यावरच लिहून ठेवलाय, त्या लाल १ एमएसच्या शेजारी, त्याच्याहून मोठ्या आकड्यात. खोका दारामागे उभा आहे, थर्माकोलसकट, चिकटपट्टीचा रोल वर ठेवलेला. अजून तीन दिवस आहेत.