वॉरंटी संपली असेल, तर फोनला हात कशाला लावता?

फोनची वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली, हे आपण इतक्या मुकाट्याने मान्य करून टाकले आहे की त्यातली मखलाशी आता लक्षातही येत नाही. वस्तू विकली गेली तेव्हा तिच्यात जे दोष दडलेले असतील, त्यांच्यासाठी वॉरंटी असते आणि तिला मुदत असावी हे रास्तच आहे. पण विक्रीनंतर दोन-अडीच वर्षांनी कंपनी स्वतःहून माझ्या फोनमध्ये शिरते, त्यातली अख्खी कार्यप्रणाली बदलून टाकते, आणि त्यानंतर तो बिघडतो, तेव्हा प्रश्न विक्रीच्या वेळच्या दोषापुरता राहत नाही. तो कंपनीने काल-परवा केलेल्या कामाचा असतो, आणि त्या कामाची वॉरंटी कुणाकडे मागायची हे कुणीच सांगत नाही. घराचा ताबा देऊन वर्षे उलटल्यावर बिल्डरने आपल्याकडची किल्ली वापरून आत यावे, नळाची लाइन बदलावी, आणि भिंतीला ओल आल्यावर ‘तुमची मुदत संपली’ म्हणून दार लावून घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

हे लिहिण्याचे कारण माझ्याच फोनच्या पडद्यावर उभे आहे. उजव्या कडेपासून बोटभर आत, वरपासून खालपर्यंत, केसाएवढी बारीक पण झगझगीत हिरवी रेषा. फोन कधी पडला नाही, कधी भिजला नाही. गेल्या महिन्यात कंपनीचे मोठे अपडेट आले. ‘आता करा’ आणि ‘नंतर आठवण करा’ असे दोनच पर्याय त्या चौकटीत होते. ‘नको’ असे म्हणण्याची सोय नव्हती. काही दिवस टाळले, शेवटी एका संध्याकाळी अपडेट होऊ दिले. त्या रात्री फोन बराच वेळ हाताला चटका बसावा इतका गरम होता, आणि सकाळी गजर बंद करायला उचलला तेव्हा ही रेषा होती. मी शिक्षक आहे. आमच्या हजेरीच्या ॲपमधला शेवटचा रकाना नेमका या रेषेखाली येतो, त्यामुळे रोज सकाळी तिचे दर्शन चुकत नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे, आणि खरे सांगायचे तर नाव बदलले तरी गोष्ट बदलत नाही.

कराडहून कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने अगदी नम्रपणे फोन घेतला, सिमचा ट्रे काढून आतली पाण्याची खूण टॉर्च लावून पाहिली, चारही कडा निरखल्या, आणि जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज नाही, लिक्विड डॅमेज नाही’ अशी स्वच्छ नोंद केली. मग डिस्प्ले बदलण्याचा आकडा सांगितला, तो फोनच्या मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मा होता. ‘सर, वॉरंटीत असता तर फ्री झालं असतं,’ हे वर सांत्वनासाठी. मी म्हटले, ‘ताई, निदान तक्रारीच्या रकान्यात एवढं लिहा, की अपडेट केल्यानंतर दुसऱ्या दिवशी रेषा आली.’ तिने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. तक्रारीच्या ठरलेल्या यादीत ‘डिस्प्ले - लाइन’ असा पर्याय होता, ‘डिस्प्ले - काळा डाग’ असा होता, ‘टच चालत नाही’ असा होता. ‘अपडेटनंतर’ असा पर्याय नव्हता, आणि मोकळे लिहायला जागा नव्हती. ‘सर, सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही.’

मला खर्चाच्या आकड्यापेक्षा ही यादी जास्त झोंबली. उद्या कंपनीने कुठल्याही सरकारी कचेरीत छातीठोकपणे सांगितले, की ‘अपडेटमुळे डिस्प्ले गेल्याची एकही नोंद आमच्याकडे नाही’, तर ते विधान अक्षरशः खरे असेल. नोंद होऊच नये अशी व्यवस्था आधी करायची आणि नोंद नाही म्हणून तक्रार खोटी ठरवायची, यात त्या मुलीचा काही दोष नाही. यादी करणारा माणूस कोल्हापुरात बसत नाही.

आता तांत्रिक बाजू, कारण ‘सॉफ्टवेअरने पडद्यावर रेषा कशी येईल’ हा प्रश्न मलाही तिथेच विचारला गेला. ॲमोलेड पडद्यावर, म्हणजे ज्यातला प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो अशा पडद्यावर, बिंदूंच्या प्रत्येक उभ्या रांगेला स्वतंत्र वाहिनीतून संदेश जातो, आणि या शेकडो वाहिन्या पडद्याच्या कडेला एका अतिशय पातळ, लवचीक पट्टीवर जोडलेल्या असतात. त्यातला एखादा जोड सुटला किंवा कमकुवत झाला, की ती संपूर्ण रांग एकाच रंगात पेटून राहते. मोठ्या अपडेटच्या वेळी प्रोसेसरवर बराच काळ ताण असतो. अपडेट संपल्यावरही फोन आतल्या आत सगळी ॲप नव्या प्रणालीसाठी पुन्हा जुळवत बसतो, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त तापतो. जोड आधीच कच्चा असेल, तर ही उष्णता त्याला पुरेशी ठरू शकते. माझ्या फोनमध्ये नेमके हेच घडले, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण कंपनीचा बचाव तरी काय आहे? ‘हा हार्डवेअरचा दोष आहे.’ ठीक आहे, असेल. कच्चा जोड कारखान्यात कुणी केला आणि त्याला उष्णता कुणी दिली, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. हार्डवेअरवाले सॉफ्टवेअरवाल्यांकडे आणि सॉफ्टवेअरवाले वॉरंटीच्या तारखेकडे बोट दाखवतात, आणि बिल मात्र माझ्या नावाने फाटते.

बस स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मोठी अपडेट आल्यावर आठवडाभर ‘लाइनवाले’ फोन जरा जास्तच येतात, असे सहज बोलता बोलता सांगितले. तो म्हणाला, कॉपी डिस्प्ले एक तृतीयांश पैशात बसवून देतो, पण तो टीएफटी, म्हणजे साध्या, स्वस्त प्रकारचा पडदा असतो, काचेखालचा फिंगरप्रिंट त्यातून चालणार नाही, आणि रंगही फिके दिसतील. म्हणजे स्वस्तातल्या मार्गाने गेले तर फोनची एक सुविधा कायमची सोडायची.

हे सगळे आपल्या मनाचे खेळ आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी कंपन्यांनीच वेळोवेळी काय मान्य केले आहे ते पाहावे. वनप्लसने भारतात २०२४ मध्ये हिरव्या रेषेसाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली. सॅमसंगनेही त्याच वर्षी आपल्या काही जुन्या महागड्या फोनना, अटी घालून आणि ठरावीक मुदतीपुरता, पडदा मोफत बदलून दिला. वॉरंटीबाहेरच्या फोनलाही न्याय देता येतो, हे यावरून सिद्ध झाले. फक्त तो ग्राहकाचा हक्क न राहता कंपनीची मर्जी ठरते, आणि मर्जी महागड्या फोनवर लवकर होते.

या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो इटलीतला निर्णय, आणि आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने सॅमसंगला ५० लाख युरो आणि ॲपलला १ कोटी युरो दंड ठोठावला. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ४ हा फोन २०१४ चा. त्याच्या मालकांना २०१६ मध्ये, नोट ७ साठी तयार केलेले अँड्रॉइडचे नवे रूप घ्यायला सतत उद्युक्त केले गेले. त्यामुळे जुन्या हार्डवेअरवर जो ताण येणार होता आणि त्यातून जे गंभीर बिघाड होऊ शकत होते, ते सांगितले गेले नाही. आणि बिघाड झाल्यावर, वॉरंटी संपलेल्या ग्राहकांकडून दुरुस्तीचे भरमसाट पैसे मागितले गेले. ॲपलच्या बाबतीतही आयफोन ६ वर आयओएस १० ही नवी कार्यप्रणाली घ्यायला लावण्यावरून असाच ठपका आला. प्राधिकरणाने आणखी एक गोष्ट नोंदवली: फोन पूर्वीसारखा करून घेण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती दिले नव्हते. कोल्हापूरच्या काउंटरवर मी जे बोलायचा प्रयत्न करत होतो, ते रोममधल्या अधिकाऱ्यांनी कित्येक वर्षे आधी लिहून ठेवले होते.

त्या आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, जुनी बॅटरी असलेले आयफोन अपडेटद्वारे मुद्दाम मंद केले जातात हे ॲपलने कबूल केले होते, माफी मागितली होती आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला होता. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून तसे केले, हे त्यांचे स्पष्टीकरण होते आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटेही नव्हते. प्रश्न हेतूचा नव्हता, न सांगता केल्याचा होता. फ्रान्सने त्याबद्दल २०२० मध्ये अडीच कोटी युरो वसूल केले. गूगलचे उदाहरण तर ताजे आहे. २०२० साली आलेल्या पिक्सेल ४ए ची अपडेटची मुदत २०२३ मध्येच संपली होती, तरी जानेवारी २०२५ मध्ये एक अपडेट आपोआप आले आणि अनेक फोनची बॅटरी पूर्वीच्या मानाने फारच थोडा वेळ टिकू लागली. कंपनीने बॅटरी बदलून देणे, पैसे किंवा नव्या फोनवर सवलत असे पर्याय दिले. पण मुदत संपलेल्या फोनपर्यंतही कंपनीचा हात पोहोचतो, हे त्या निमित्ताने सगळ्यांना दिसले. हात मुदतीनंतरही पोहोचत असेल, तर जबाबदारी कुठल्या तर्काने आधीच संपते?

‘मग अपडेट करूच नका’ हा सल्ला मला अनेकांनी दिला, आणि तो चुकीचा आहे. आपल्या फोनमध्ये बँक आहे, यूपीआय आहे, डिजिलॉकर आहे. सुरक्षेच्या फटी बुजवणारे अपडेट टाळणे म्हणजे चोराला आमंत्रण देणे. अँड्रॉइडसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१५ पासून दर महिन्याला वेगळ्या प्रसिद्ध होतात. म्हणजे आवश्यक दुरुस्ती आणि नव्या आयकॉनचा, नव्या वॉलपेपरचा, आधीच्या जागेवरून हलवलेल्या बटणांचा पसारा या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. तरी बहुतेक कंपन्या त्या एकाच पुडक्यात बांधून पाठवतात. सुरक्षा हवी असेल तर हा सगळा संसार पदरी घ्यावाच लागतो, आणि अलीकडे त्यात न मागितलेली दोन-चार ॲपही येतात, जी काढता येत नाहीत.

परतीची वाट हा यातला खरा कळीचा मुद्दा आहे. अपडेट आवडले नाही, फोन मंदावला, नेटवर्क जाऊ लागले, तरी जुन्या रूपाकडे परत जाता येत नाही. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी कुलूप असते, आणि ॲपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणेच थोड्या दिवसांत बंद करते. यामागचे कारण मला पटते: जुन्या आवृत्तीतल्या फटी सर्वांना ठाऊक झालेल्या असतात, आणि चोरलेल्या फोनवर ती बसवता आली तर कुलूप फोडणे सोपे होईल. पण मालकाने पासवर्ड देऊन, फोन पूर्ण रिकामा करून, सर्व्हिस सेंटरमध्ये समोर उभे राहून मागणी केली, तर अपडेटनंतरच्या पहिल्या महिन्याभरात तरी जुनी प्रणाली परत बसवून द्यायला काय हरकत आहे? सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ ने नव्याकोऱ्या आयफोन ६ चे नेटवर्कच घालवले होते, तेव्हा ॲपलने ते अपडेट तासा-दीड तासात मागे घेतले आणि लोकांना आधीच्या आवृत्तीवर परत जाण्याची रीत स्वतः सांगितली. म्हणजे वाट असते. अडचण कंपनीची असली की ती उघडते.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पुरेशी सूचना वा इशारा न देणे हेही त्यात जबाबदारीचे कारण धरले आहे. माझ्या अपडेटच्या चौकटीत नव्या इमोजींची माहिती होती, जुन्या फोनवर येणाऱ्या ताणाबद्दल एक ओळ नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस पाठवली होती. ग्राहक हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींतूनच ती निघाली, हे महत्त्वाचे. अडचण पुढे येते ती पुराव्याची. दोष ठरवण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग फोन प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तिचे शुल्क आधी तक्रारदारालाच भरावे लागते, आणि अपडेटच्या वेळी फोनच्या आत काय घडले याची नोंद मात्र कंपनीच्या ताब्यात असते. वीस-पंचवीस हजारांच्या फोनसाठी एवढा खटाटोप कोण करणार, या हिशेबावरच हा सगळा डोलारा उभा आहे. म्हणून मला वाटते, अपडेटनंतर ठरावीक काळात फोन बिघडला आणि तो पडलेला-भिजलेला नसेल, तर बिघाड अपडेटमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकणारा नियम व्हायला हवा, फोन वॉरंटीत असो वा नसो.

मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचे उत्तर आले, त्यात ‘सदिच्छा म्हणून’ डिस्प्लेवर पन्नास टक्के सवलत देऊ केली होती. सोबतच्या मजकुरात मात्र ‘याविषयी पुढे कोणताही दावा करणार नाही’ असे वाक्य होते, त्यामुळे सवलत नाकारली आहे आणि जिल्हा आयोगाचा अर्ज तयार करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून सांगितले.

तुमच्यापैकी कुणाच्या फोनला अपडेटनंतर रेषा आली असेल, वायफाय गेले असेल किंवा फोन सारखा बंद-चालू होत असेल, तर सर्व्हिस सेंटरमधून जॉबशीट घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. त्यावर ‘अपडेटनंतर’ हा शब्द लिहायला नकार दिला, तर तेच वाक्य त्याच दिवशी कंपनीला ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेसह नोंद राहील. सेटिंगमधल्या आवृत्तीच्या पानाचा आणि रेषेचा फोटो दुसऱ्या फोनवरून काढून ठेवा. रेषा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. इथे कॉमेंटमध्ये फोनचे मॉडेल, अपडेटची तारीख आणि बिघाड एवढेच लिहा, बिलावरचा पत्ता किंवा आयएमईआय क्रमांक टाकू नका. एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमल्या, तर अर्ज एकत्र करता येतो का हे मी वकिलांना विचारणार आहे.