गाडीची पत्रिका

आमच्या गाडीत ट्रकचं इंजिन आहे, हे मला गेल्या शनिवारी वीसेक अनोळखी माणसांसमोर कळलं. खरं तर मला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं माझ्या नवऱ्याला. मी शेजारी उभी होते म्हणून ऐकू आलं.

गाडी माझी आहे. १९६९ची शेव्हरोले कमॅरो, माझ्या मामाची. मामा साठच्या दशकाच्या शेवटी इंजिनिअर म्हणून डेट्रॉइटला आला. लग्न केलं नाही, गाडी केली. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा घर विकून पैसे सगळ्यांत वाटले गेले आणि गाडी भाचीच्या वाट्याला आली, कारण बाकीची भाचरं पुण्यात आणि सांगलीत, आणि एवढं लांब धूड बोळात वळणार कसं?

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा असते, १९९५पासून. दुतर्फा घडीच्या खुर्च्या टाकून लोक सकाळपासून बसतात, मधून गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, लहान पोरं हात हलवतात. मला तर दरवेळी वारीच आठवते. फरक इतकाच की वारीत कोणी पालखीखाली आरसा धरून बघत नाही.

इथे बघतात. आम्ही एका पार्किंगमध्ये गाडी लावून बॉनेट उघडलं, आणि पाच मिनिटांत एक आजोबा आले. वय ऐंशीच्या आसपास, पॅंटला गॅलस, गॅलसला अडकवलेली टॉर्च. शर्टाच्या खिशात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा आरसा आणि छोटा तारेचा ब्रश. एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली, असं त्यांनी सांगितलं. मग परत एकदा सांगितलं.

"नंबर्स मॅचिंग?" त्यांनी विचारलं. नवऱ्याला.

माझ्या नवऱ्याला गाडीतलं एवढंच कळतं की काच पुसायचं पाणी निळं असतं. तो म्हणाला, "आय थिंक सो." याच शब्दांच्या भरवशावर आम्ही एकदा चुकीच्या विमानतळावर जाऊन बसलो होतो.

नंबर्स मॅचिंग म्हणजे पत्रिका जुळणं. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारी एक पट्टी असते. आमच्या पट्टीवर १२४३७९एन आणि पुढे सहा आकडे. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कमॅरो, ९ म्हणजे साल १९६९, आणि एन म्हणजे ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यातला जन्म. शेवटचे आकडे इंजिनावरही ठोकलेले असतात. ते जुळले तर गाडी खानदानी. नाही जुळले तर, काय सांगू, आपल्याकडे छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले तरी मुहूर्त काढतात. इथे सगळेच्या सगळे लागतात.

आजोबांनी मला बाजूला सरकायला सांगितलं (हे मात्र थेट मला) आणि इंजिनाच्या मागे, जिथे गिअरबॉक्स जोडलेला असतो तिथे, आरसा घातला. इंजिन कोणत्या साच्यातलं ते सांगणारे ओतीव आकडे तिथे असतात, कारण माणसाने ते कधीही वाचू नयेत अशी योजना आहे. पोटावर आडवे होऊन, एक पाय हवेत, ते आरशातले उलटे आकडे मोठ्याने वाचू लागले. "झीरो, वन, झीरो, झीरो, सेव्हन, नाइन, थ्री." मग सरळ करून, घोषणा केल्यासारखं, "३९७००१०! साडेतीनशे क्यूबिक इंच!"

एव्हाना गर्दी जमली होती. कोणीतरी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. तो लाजला.

"पण हा साचा १९६९पासून सत्तरचं दशक संपेपर्यंत चालला," आजोबा म्हणाले, आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने शिरले. इकडे ओतल्याची तारीख. के, १५, ३. के म्हणजे अकरावा महिना. १५ नोव्हेंबर १९७३.

म्हणजे अरबांनी अमेरिकेचं तेल बंद करून पुरता महिनाही झाला नव्हता, आणि इकडे हे पावणेसहा लिटरचं पेट्रोलपिऊ धूड निवांत ओतलं जात होतं. ते राहू दे.

"गाडी एकोणसत्तरची, इंजिन त्र्याहत्तरचं," आजोबा म्हणाले.

"म्हणजे नवीन आहे," नवरा म्हणाला. "मग चांगलंच की."

सोवळ्यात शिवल्यासारखे आजोबा मागे सरकले.

शेवटची आशा होती इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेल्या पॅडवर. ही बोटभर सपाट जागा. खरी कुंडली तिथे ठोकलेली, आणि तिच्यावर नेमका आल्टरनेटर आलेला. आजोबांनी तारेच्या ब्रशाने मामाच्या हयातीतली काजळी खरवडली, फुंकर मारली, टॉर्च धरली. शेवटी तीन अक्षरं होती. पहिलं टी.

"ट्रक," ते म्हणाले.

"ट्रक!" बाबागाडीतलं एक पोर आनंदाने ओरडलं.

गर्दी शेजारच्या गाडीकडे गेली.

मी विचारलं, "मग मूळचं इंजिन कोणतं होतं?" आजोबांनी नवऱ्याला उत्तर दिलं. पट्टीवरून आठ सिलिंडर एवढंच कळतं, आठातलं कोणतं ते नाही. त्यासाठी वॉरंटीच्या पुस्तकात लावलेला एक छोटा धातूचा पत्रा लागतो, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. तो नसेल तर विकताना निम्मी किंमत धरा. "टेल हर," असंही म्हणाले. मी दीड फुटावर होते.

मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"नोव्हाय." हे आमचं इथलं गाव. सांगलीकडे हे नाव ऐकून कोणीही 'न्हाय तर न्हाय' म्हणत पुढे गेलं असतं. आजोबा थांबले.

"नाही, मूळच्या?"

एकोणीस वर्षं मी या राज्यात कर भरते, बर्फ उपसते, दर हिवाळ्यात त्याच खड्ड्यात टायर फोडते. माझंही इंजिन सुरळीत चालू आहे. तरी दर दोन महिन्यांनी कोणीतरी बॉनेट उचलून आरसा घालतोच. मी सांगली म्हटलं. ओतल्याची तारीख सापडल्यावर हलवली होती तशीच त्यांनी मान हलवली.

घरी येऊन मी मामाची खोकी उपसली. पत्रा नाही. निघालं ते १९७६चं कालनिर्णय, बिस्किटांच्या डब्यात नीट बांधलेले चारशे रबर बँड, आणि हिशोबाच्या वह्या. पेट्रोलचा प्रत्येक गॅलन लिहिलेला. एप्रिल १९७७मध्ये एका सोमवारी अशी नोंद: 'दूध १.६०. ब्रेड. इंजिन, बसवणावळीसह २७५. आईला पत्र.'

बस. दूध आणि पत्राच्या मध्ये एक इंजिन. का बदललं, जुन्याचं काय झालं, एक अक्षर नाही. पुढच्या पानावर गवारीच्या भावाची तक्रार मात्र अडीच ओळी. आणि आईला पाठवलेल्या त्या पत्रात इंजिनाचा उल्लेख नसणार, हे मी पैजेवर सांगते.

परवा आजोबांचा मेसेज आला. नवऱ्याला, अर्थात, शनिवारी माझी पाठ वळताच नंबर त्याचाच घेतला होता. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६९चं इंजिन आहे, फोटो जोडलेत, अठ्ठावीसशे डॉलर. खाली एक ओळ: पॅड घासून कोरा केलाय, तुमच्या पट्टीवरचे आकडे पाठवा, ठोकून देतो, कोणाच्या बापाला कळणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षं कारखान्यात. आरसा. टॉर्च. "टेल हर."

"तू काय उत्तर दिलंस?"

"अंगठा पाठवला."

"म्हणजे हो?"

"म्हणजे मेसेज मिळाला," नवरा म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. इंजिन उचलायची क्रेन रविवारी सकाळी आणू की दुपारी, असं आजोबा विचारत होते.