माझी तक्रार उशिराची नाही, तारखेची आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली, पण लगेच उत्तर लिहिलं असतं तर रागाच्या भरात काहीतरी लिहून गेले असते. म्हणून चार दिवस घेतले.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. चार दिवसांत येणार म्हणून सांगितलेलं माझं पार्सल अकराव्या दिवशी आलं, त्यावर मी चिडून लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, लोकांना हल्ली धीर म्हणून उरलेला नाही, सगळं उद्याच हवं असतं. पूर्वी पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागायचे, तरी कुणी कुरकुर करत नव्हतं. आणि आपल्या या घाईचा भार शेवटी उन्हापावसात गाडी चालवणाऱ्या पोरांवर पडतो. तुमचा धाकटा भाऊ हेच काम करतो, हेही तुम्ही लिहिलंत. शेवटी विचारलंत, “तुम्हाला नक्की हवंय तरी काय?”

भावाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. मी लिहिलं होतं, “डिलिव्हरीवाला सरळ खोटं बोलला.” ते वाक्य मी लेखातून काढलं आहे आणि काढल्याची नोंदही खाली केली आहे. मला एवढंच ठाऊक होतं की दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी ट्रॅकिंगवर “ग्राहक उपलब्ध नाही” अशी नोंद पडली आणि त्या वेळी मी दारापासून चार पावलांवर बसले होते. ती नोंद कुणी टाकली, कुणाच्या सांगण्यावरून टाकली, त्याच्या गाडीत त्या वेळी किती खोकी शिल्लक होती, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी एका माणसाला खोटारडा ठरवलं. ते चूकच होतं.

पण धीराचं मला पटलेलं नाही. का पटलेलं नाही ते सांगायचं तर त्या खोक्यात काय होतं हे सांगावं लागेल. लेखात ते लिहिलं नव्हतं, घरातली गोष्ट म्हणून.

त्यात आईचं श्रवणयंत्र होतं, दुरुस्त होऊन परत येत होतं. यंत्राशिवाय आईला दारावरची बेल ऐकू येत नाही. दार वाजवलं तरी ऐकू येत नाही. फोन ती उचलत नाही, कारण पलीकडचं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे ज्या वस्तूमुळे तिला बेल ऐकू आली असती, तीच वस्तू घ्यायला घरात दुसरं कुणीतरी असणं भाग होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. पाचव्या दिवशी सकाळी “डिलिव्हरीसाठी निघाले” असं दिसलं, मी रजा टाकली. संध्याकाळी तारीख पुढे सरकली. सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तेच, आणि वर ती ४ वाजून १२ मिनिटांची नोंद. आई समोरच्या खुर्चीत बसून दर अर्ध्या तासाने माझ्या तोंडाकडे बघून हातानेच विचारायची, आलं का? मी मान हलवायची. आठव्या दिवशी कामावर जावंच लागलं, तर दिवसभर जीव टांगणीला, की नेमकं आजच कुणी येऊन परत गेलं तर.

आता समजा, पहिल्याच दिवशी मला कुणी सांगितलं असतं की बाई, अकरा दिवस लागतील. मला वाईट वाटलं असतं. पण मी अकराव्या दिवसाची एक रजा घेतली असती, आईला कागदावर तारीख लिहून दिली असती आणि मधले दहा दिवस आम्ही दोघींनी नीट काढले असते. अकरा दिवस तेच, पार्सल तेच. फरक फक्त खऱ्या तारखेचा. माझी तक्रार इथे आहे. लेखात ती उशिराच्या तक्रारीखाली दबली, हा माझ्या लिहिण्याचा दोष.

तुमचं पत्राचं उदाहरण घेऊ. पूर्वी कुणी कुरकुर करत नव्हतं हे इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या मध्यवर्ती भागात दिवसातून दहापेक्षा जास्त वेळा टपालवाटप होत असे. सकाळी पत्र टाकलं की संध्याकाळच्या आत उत्तर हातात. तेव्हा वेग हवा असणं हे काही आपल्या पिढीला जडलेलं खूळ नाही. आणि जिथे पत्राला पंधरा दिवस लागत, तिथे पाकिटावर “गुरुवारी पोहोचेल” असं कुणी छापत नव्हतं. माणसं अंदाजाने वाट बघत होती आणि तो अंदाज त्यांचा स्वतःचा असायचा. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलं होतं: किती वेळ थांबायचं हे माहीत नसेल तर तेवढंच थांबणं जास्त लांब वाटतं, आणि कारण न सांगता थांबवलं तरीही तसंच. मला हे त्या तीन दिवसांनी शिकवलं.

तुम्ही असंही म्हणालात की कंपन्यांना तरी कसं कळणार, इतकी लाखो खोकी. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. लेखानंतर मी यातलं बरंच वाचून काढलं आणि माझा काही राग त्यामुळे निवळलाही.

एक तर पार्सल उलट दिशेला गेलेलं दिसतं, त्याचा राग. माझं खोकं आमच्यापासून आणखी लांबच्या हबला, म्हणजे पार्सलं गोळा करून पुढे पाठवणाऱ्या केंद्राला, गेलं तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. पण त्यामागे हिशेब आहे. फेडरल एक्सप्रेस (आताची फेडेक्स) या अमेरिकन कुरिअर कंपनीने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री काम सुरू केलं तेव्हा १४ विमानं, २५ शहरं आणि अवघी १८६ पार्सलं होती, आणि ती सगळी मेम्फिस शहरात नेऊन तिथे ठिकाणांनुसार वेगळी करून पुन्हा पाठवली. पंचवीस शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ३०० जोड्या होतात. मध्ये एक हब ठेवला तर पंचवीसच्या आत भागतं. म्हणून शेजारच्या गावचं पार्सलसुद्धा आधी लांब जाऊन येतं, आणि तरीही एकूणात लवकर पोहोचतं. त्या रागाबद्दल मी माझे शब्द मागे घेते.

दुसरं म्हणजे, उशीर मिनिटांनी होत नाही, दिवसांनी होतो. हबमधून ट्रक ठरलेल्या वेळी सुटतो. खोकं माल वेगळा करणाऱ्या पट्ट्यावर दहा मिनिटं मागे राहिलं तर ते दहा मिनिटं उशिरा निघत नाही, दुसऱ्या दिवशीच्या ट्रकने निघतं. पुढच्या हबला पुन्हा तसंच झालं तर दुसरा दिवस गेला. वीस मिनिटांच्या चुकीचे दोन दिवस होतात आणि त्यात कुणी हात बांधून बसलेलं नसतं.

तिसरी गोष्ट गर्दीची. रांगांच्या गणिताची सुरुवात डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्सवरून केली. त्यातलं सगळ्यात साधं सूत्र लावलं, तर केंद्र ८० टक्के क्षमतेने चालत असताना प्रत्यक्ष कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या सरासरी पाचपट वेळ वस्तू आत राहते. ९० टक्क्यांवर दहापट. ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणजे काम थोडंसंच वाढतं आणि थांबणं दुप्पट होतं. सेलच्या दिवसांत हब कसे तुंबतात ते मला या आकड्यांवरून पहिल्यांदा नीट कळलं.

आणि शेवटचा टप्पा, तुमच्या भावाचा. दहा घरं कोणत्या क्रमाने घ्यायची याचे ३६,२८,८०० प्रकार होतात. डँट्झिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलचे टँकर पंपांवर कसे फिरवायचे यावर हा प्रश्न गणितात मांडला, तेव्हापासून त्यावर काम चालूच आहे. त्याच्या गाडीत दहा घरांचा माल नसणार, त्याच्या कितीतरी पट असणार. एक लिफ्ट बंद, एक पत्ता अर्धवट, एका ठिकाणी ओटीपी येईना, की सगळा क्रम कोलमडतो.

हे सगळं मान्य. पण याच गणितात एक सूत्र आहे आणि तिथे माझी तक्रार पुन्हा उभी राहते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. एखाद्या ठिकाणी आत असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. उदाहरण म्हणून धरा, एका हबमध्ये रोज २०,००० पार्सलं येतात आणि आत ६०,००० साचून आहेत. मग तिथे एक पार्सल सरासरी तीन दिवस राहणार. यासाठी मोठं यंत्र लागत नाही, एक भागाकार लागतो. रोज किती आली आणि किती पडून आहेत, हे दोन्ही आकडे स्कॅनमधूनच मिळतात, ते कंपनीकडे असतात. म्हणजे ज्या रात्री माझं खोकं तुंबलेल्या हबमध्ये शिरलं, त्याच रात्री “उद्या” ही तारीख खोटी आहे हे तिथल्या आकड्यांत दिसत होतं. अमुक खोकं अमुक मिनिटाला येईल हे कुणी सांगू शकत नाही, मी ते मागतही नाही. पण तीन दिवसांचा तुंबारा असताना “उद्या” दाखवत राहणं आणि उद्याच्या संध्याकाळी ते पुन्हा “उद्या” करणं, याला मी अपघात म्हणणार नाही. हे कुणीतरी तसं ठरवलेलं असतं.

ट्रॅकिंगचंही तसंच. आपल्याला वाटतं पार्सलवर सतत कुणाची तरी नजर आहे. प्रत्यक्षात कुणीतरी बारकोडवर किरण मारला तरच नोंद पडते आणि दोन नोंदींच्या मध्ये ते खोकं कुठे आहे हे कुणालाच दिसत नसतं. “लेबल तयार झाले” याचा अर्थ फक्त क्रमांक तयार झाला, वस्तू अजून पाठवणाऱ्याच्या टेबलावर असू शकते. माझे पहिले दोन दिवस तिथेच गेले. “डिलिव्हरीसाठी निघाले” ही नोंद बऱ्याचदा सकाळी गाडीसाठीच्या ढिगावर पडते, त्यातलं प्रत्येक खोकं गाडीत मावलं की नाही हे त्या नोंदीत नसतं. हे शब्द साध्या भाषेत खरं सांगतील असे बदलायला काय अडचण आहे? “क्रमांक तयार, वस्तू अजून मिळालेली नाही” एवढं लिहिलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून दिवस मोजत बसले नसते.

तर मला काय हवंय. हबमध्ये माल तुंबला असेल तर तसं लिहावं आणि तारीख तुंबाऱ्याच्या हिशेबाने द्यावी, जाहिरातीच्या हिशेबाने नको. तारीख बदलली तर कारण सांगावं, एका ओळीत. आणि जिथे घरी कुणी थांबणं गरजेचं आहे तिथे आदल्या संध्याकाळी “उद्या नक्की नाही” एवढं तरी सांगण्याची सोय असावी. मला “नक्की येणार”पेक्षा “नक्की नाही” याची खात्री जास्त उपयोगी पडली असती. याने एकही खोकं वेगाने पळवावं लागत नाही. उलट खोटी तारीख पाळण्यासाठी जी धावपळ रस्त्यावर होते ती कमी होईल, आणि ती धावपळ तुमच्या भावाच्याच वाट्याला येते.

पार्सल अकराव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला आलं. खोक्याचा एक कोपरा दबलेला, एका लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं, दुसऱ्याच्या कडेखालून पहिल्याची तारीख अर्धी दिसत होती. आणणारा मुलगा घामाने निथळत होता. मी काही बोलले नाही, सही केली. तेव्हा मनात राग होता म्हणून पाणीसुद्धा विचारलं नाही, हे तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून मला टोचतंय.

तुमच्या भावाला एक गोष्ट विचाराल का? दिवस संपतो आणि गाडीत वीस खोकी उरतात, तेव्हा त्याच्या हातातल्या यंत्रावर “आज पोहोचता आलं नाही” असं बटण असतं का? की प्रत्येक उरलेल्या खोक्यासाठी “ग्राहक उपलब्ध नाही”, “पत्ता सापडला नाही” असलंच काहीतरी निवडावं लागतं, आणि ते निवडलं नाही तर त्याच्या नावावर ठपका बसतो? माझा अंदाज आहे की ४ वाजून १२ मिनिटांची माझी ती नोंद अशाच कुठल्यातरी यादीतून आली असावी. त्याने सांगितलं आणि त्याची हरकत नसेल, तर त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, नाव न देता, मी लेखाच्या सुरुवातीला टाकेन. मी काढून टाकलेल्या वाक्याची जागा तिथे रिकामीच आहे.