नो ड्यूजच्या फॉर्मवर मेंदूचा रकाना कुठे काढायचा?

खराडीतल्या एका आयटी कंपनीत मी ॲडमिनला आहे. कुणी राजीनामा दिला की शेवटच्या दिवशी त्याच्याकडून लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, आयडी कार्ड, ड्रॉवरची किल्ली परत घ्यायची, असेट टॅगचा नंबर रजिस्टरशी ताडून बघायचा आणि नो ड्यूजवर सही करायची, हे माझं काम. माझी सही झाल्याशिवाय फुल अँड फायनल, म्हणजे पैशांचा शेवटचा हिशेब, हलत नाही. अकरा वर्षं हेच करतेय. हरवलेल्या चार्जरवरून डोळ्यांत पाणी आलेली माणसं पाहिलीत.

परवा कँटीनमध्ये आमच्याकडचा एक चोवीस वर्षांचा मुलगा खिचडी खाता खाता म्हणाला, "मॅडम, कंपनी पैसे भरत असेल ना, तर मी उद्या मेंदूत चिप बसवून घेतो. काम दुप्पट वेगाने होईल, कंपनीलाही परवडेल." टेबलावरच्या तिघांनी माना डोलावल्या. मी हसण्यावारी नेलं. पण घरी जाताना चंदननगरला अडकले आणि तिथे डोकं सुरू झालं. पुण्याच्या ट्रॅफिकचा एवढाच फायदा.

माझं मत सरळ सांगते. धडधाकट माणसाच्या डोक्यातल्या चिपसाठी कंपनीने एक रुपयाही देऊ नये, आणि दिलाच तर आपण घेऊ नये.

आधी ते 'दुप्पट वेगाने' बघू. इलॉन मस्कच्या न्यूरालिंक या कंपनीची मेंदूतली चिप पहिल्यांदा माणसाला बसवली ती जानेवारी २०२४ मध्ये, नोलंड आर्बो या तरुणाला. पाण्यातल्या अपघातात त्याची मानेखालची हालचाल गेलेली. केसाहून बारीक ६४ धागे, त्यांवर मेंदूचे संकेत टिपणारे १,०२४ इलेक्ट्रोड, आणि त्या संकेतांवर कॉम्प्युटरचा कर्सर हलतो. काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि कर्सरचा वेग पडला. मग सॉफ्टवेअर बदलून गाडी रुळावर आणली. आज तो नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळतो. त्याच्यासाठी ते केवढं आहे, हे आपण बोलायलाच नको. पण २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशाच एका रुग्णाला मनातल्या मनात हाताने लिहायला लावलं, तेव्हा वेग आला मिनिटाला ९० अक्षरं. त्याच्या वयाची माणसं मोबाइलवर साधारण ११५ टाइप करतात. म्हणजे कवटीला भोक पाडून आपण आपल्याच बोटांपेक्षा मागे पडणार! आणि आपला दिवस टायपिंगमध्ये जातो असं कुणी सांगितलं? तो जातो अप्रूव्हलची वाट बघण्यात.

बरं, समजा पुढच्या दहा वर्षांत वेग वाढला. तरी माझा रकाना शिल्लक राहतोच. ज्या वस्तूचे पैसे कंपनी देते, ती वस्तू कंपनीची. तिला टॅग लागतो, तिचं वय मोजलं जातं, ती जुनी ठरते. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड संपला की डोक्यातल्या चिपचं काय करायचं? काढायची तर पुन्हा ऑपरेशन, त्याचं बिल कुणाचं? ठेवायची तर अपडेट कोण देणार? ग्रुप मेडिक्लेम तर शेवटच्या दिवशी संपतो. आणि बाँड? ट्रेनिंगच्या नावाखाली दोन वर्षांचा बाँड लिहून घेणाऱ्या कंपन्या याच शहरात आहेत. चिपवर किती वर्षांचा लिहून घेतील?

हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने साडेतीनशेहून जास्त अंध माणसांच्या डोळ्यांत आर्गस नावाचं उपकरण बसवलं होतं. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि त्यातून तिने अंग काढून घेतलं. यंत्र लोकांच्या डोळ्यांतच राहिलं, आणि बिघडलं तर दाद मागायला कुणी नाही.

डेटाचंही तेच. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरायची वाट ठेवलेली आहे. ती वाट मेंदूपर्यंत गेली तर? पुणेकरांना आठवत असेल, २००८ मध्ये इथल्याच न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत तपासणीचा अहवाल पुरावा म्हणून धरला होता. जगभर चर्चा झाली. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा चाचण्या सक्तीने घेता येणार नाहीत. म्हणजे खुनाच्या आरोपीलाही नाही म्हणायचा हक्क आहे. आपल्यालाही असेल, कागदावर. पण ऑफिसात 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ काय होतो, ते ऐच्छिक शनिवारी कामावर आलेल्या कुणालाही विचारा. टीममधल्या सहा जणांनी चिप बसवली की सातव्याचं अप्रेझल कसं जाईल?

एका ठिकाणी मात्र माझं मत वेगळं आहे. आपल्यातल्याच कुणाचे हातपाय गेले आणि त्याला चिप लावून कामावर परतायचं असेल, तर कंपनीने हात आखडता घेऊ नये. पण मग तो उपचार समजा. पैसे विम्यातून द्या, कागदपत्रं डॉक्टर आणि पेशंटमध्ये राहू द्या, डेटाकडे बघूसुद्धा नका, आणि त्याने नोकरी सोडल्यावरही देखभालीचा खर्च सोडू नका. हे लिहून द्यायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी चिपचं नाव काढू नये.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी त्या मुलाला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे मॅडम, पण मग मला दुसरा मॉनिटर तरी मिळेल का?" त्याची रिक्विझिशन मार्चपासून परचेसकडे पडून आहे. आज पुन्हा मेल टाकलाय.