जीन गुडविल यांच्यावरील लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

कॅनडातल्या मूलनिवासी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या नर्स जीन गुडविल यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की आजारी माणसाला सिस्टरची जात नको असते, तिचा हात चांगला हवा असतो. मूलनिवासी मुलींसाठी वेगळे वर्ग आणि वेगळ्या संघटना काढल्या की दर्जा घसरतो. शिवाय तुमच्या बॅचमधल्या दोन आदिवासी मुली पहिल्याच वर्षी सोडून गेल्या, कारण ‘त्यांना झेपलं नाही’. तुमचं आयुष्य वॉर्डात गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दर्जाचं. गुडविल या कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या, लिटल पाइनच्या क्री समाजातल्या. किशोरवयात क्षय झाला, सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. १९५४ साली प्रिन्स अल्बर्टच्या होली फॅमिली हॉस्पिटलमधून त्या नर्स होऊन बाहेर पडल्या. त्या प्रांतात नर्सिंगचं शिक्षण पुरं करणारी ही पहिली मूलनिवासी स्त्री. पुढे त्यांनी उत्तरेकडे ला रोंजच्या नर्सिंग स्टेशनवर काम केलं. अशा दुर्गम ठिकाणी डॉक्टर हाताशी नसताना निर्णय घ्यायला काय लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९७५ मध्ये त्यांनी जोसलिन ब्रुयेर आणि इतर नर्सेसबरोबर मूलनिवासी नर्सेसची संघटना उभी केली आणि पुढे अनेक वर्षं तिचं अध्यक्षपद सांभाळलं. जास्तीत जास्त मुली या पेशात याव्यात आणि आल्यावर टिकाव्यात, हा तिचा एक मुख्य हेतू. १९८५ मध्ये सस्कॅचवान विद्यापीठात नर्सिंगला येऊ पाहणाऱ्या मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाआधीचा तयारीवर्ग सुरू झाला. काही आठवड्यांची ही तयारी झाली की पुढे सगळ्यांबरोबर तेच वर्ग आणि नोंदणीसाठी तीच परीक्षा. यात दर्जाला सूट कुठे मिळाली? तुम्ही ज्याला सूट म्हणता, ती पहिल्या तासाला समोरचं समजावं एवढीच सोय होती.

‘झेपलं नाही’ हा शब्द मला फार खटकला. एडिथ मॉन्चर या मोहॉक नावाच्या मूलनिवासी समाजातल्या मुलीला कॅनडातल्या नर्सिंग शाळांनी प्रवेश दिला नाही. ती अमेरिकेत न्यू रोशेलला गेली, १९१४ मध्ये नर्स झाली आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करून आली. तिला उत्तम झेपत होतं. दार बंद होतं.

आणि जातीचं म्हणाल, तर ती खाटेवर पडलेल्या माणसाला नको असली तरी खाटेशेजारी उभ्या असलेल्यांच्या मनात असते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्याच क्वेबेक प्रांतातल्या जोलिएतच्या रुग्णालयात जॉयस एशाक्वान ही अतिकामेक या मूलनिवासी समाजातली स्त्री वेदनेने कळवळत होती. तिच्याच फोनवरून कर्मचाऱ्यांनी तिला केलेली शिवीगाळ थेट प्रसारित झाली. त्याच दिवशी ती गेली. सात मुलांची आई होती ती. तिच्या मृत्यूला वंशद्वेष आणि पूर्वग्रहही कारणीभूत होते, असं अधिकृत चौकशीत म्हटलं गेलं. त्या वॉर्डात तिची भाषा बोलणारी, तिच्या बाजूने उभी राहणारी एक नर्स असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. गुडविल यांनी आयुष्यभर ज्यासाठी धडपड केली, ते हेच.

राहिल्या तुमच्या बॅचमधल्या त्या दोघी. त्या कुठल्या भागातून आल्या होत्या, घरी कुठली भाषा बोलायच्या, कुठल्या विषयात अडल्या, हॉस्टेलवर त्यांच्याशी कोण बोलायचं? जाताना त्यांना कुणी थांबवलं का? नावं न घेता, आठवेल तेवढं लिहून पाठवा. तुमच्याच शब्दांत मी ते स्वतंत्र लेख म्हणून इथे देईन.