लूपला आवाज मिक्सरमधून द्या, छताच्या माइकमधून नको

गेल्या आठवड्यात आईला एका व्याख्यानाला घेऊन गेलो होतो. सभागृहाच्या दारावर कानाचं चिन्ह होतं, म्हणजे आत इंडक्शन लूप, कानातल्या यंत्रात थेट आवाज पोचवणारी तार. आईने कानातलं यंत्र 'टी'वर टाकलं आणि पाचच मिनिटांत माझा हात दाबला. "नुसता पंखा ऐकू येतोय रे. आणि कुणीतरी पिशवी चाळवतंय."

मध्यंतरात साउंड ऑपरेटरला गाठलं. लूपच्या अॅम्प्लिफायरला आवाज येत होता छताला टांगलेल्या एका माइकमधून! मला खरंच वाईट वाटलं. 'टी'वर यंत्राचा स्वतःचा माइक बंद होतो आणि आतली बारीक कॉइल खोलीभोवती फिरवलेल्या तारेचं चुंबकीय क्षेत्र पकडते. वक्त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावरच्या माइकमधला आवाज सरळ कानात यावा, यासाठीच तर ही सगळी खटपट. छतावरचा माइक तोच घुमणारा, पंख्यात मिसळलेला आवाज परत आईच्या कानात ओतत होता.

पोरगा भला होता. "काका, मला हे कुणी सांगितलंच नाही," म्हणाला आणि मिक्सरच्या, म्हणजे सगळे माइक जोडतात त्या यंत्राच्या, रिकाम्या ऑक्झिलरी (जादा) आउटपुटमधून वायर ओढली. आधी आवाज फाटला. लूपच्या अॅम्प्लिफायरला माइकचंच सॉकेट होतं. माइकमधून येतात काही मिलिव्होल्ट, मिक्सरमधून जवळपास एक व्होल्ट. वर ५० हर्ट्झची घूं. त्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स होता. तो मधे घातल्यावर आवाजाची पातळीही उतरली आणि अर्थिंगमधून येणारी घूंही गेली. ऑक्झिलरी त्याने प्री-फेडर ठेवली, म्हणजे शिट्टी वाजते म्हणून हॉलचे स्पीकर कमी केले तरी लूपचा आवाज पडत नाही.

उत्तरार्धात आई पुढे वाकली नाही. मान वळवून माझ्याकडे "काय म्हणाले?" असं एकदाही विचारलं नाही. घरी येताना रिक्षात व्याख्यानातला एक प्रसंग मी चुकीचा सांगितला, तर तिने तो दुरुस्त केला.

२०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले देशात ५० लाखांवर लोक होते. वयाप्रमाणे ऐकू कमी येणारे, कुठेच नोंद नसलेले आपल्या घरातले आजी-आजोबा वेगळेच. त्यांच्यासाठी सभागृहं तार टाकतात, पाटी लावतात, मग त्या तारेत कोणता आवाज जातोय हे कुणीच कानाला लावून बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे: माइक टेस्टिंग करताना लूपही रोज तपासला पाहिजे, आणि तेही 'टी'वालं यंत्र वापरणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून.

रविवारी तिथेच पुन्हा कार्यक्रम आहे. ऑपरेटरला फोन करून ऑक्झिलरी मोकळी ठेवायला सांगितलंय.