टोपणनावाची घाई नको

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. "बाळाचं नाव आरव ठेवतोय गं, पण आरव किती झालेत! निदान घरातलं नाव तरी हटके सुचव ना." बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं. मी एकही नाव सुचवलं नाही. थांब म्हटलं.

आमची लेक आर्या. वर्गात तीन आर्या, म्हणून बाई हिला 'आर्या के' म्हणतात. एकदा घरी सहज विचारलं, नाव काय तुझं? तर म्हणाली, "आर्या के." पोटात कालवलं माझ्या. पण नाव चुकलं असं कधीच वाटलं नाही. आम्हाला मनापासून आवडलं होतं ते. आणखी दहा घरांत आवडलं म्हणून आमचं उणं कसं होईल?

घरात ती भुंगा. आठ-नऊ महिन्यांची असताना झोप आली की नाकातून एकाच सुरात गुणगुणायची. खांद्यावर घेतलं की ती गुणगुण माझ्या मानेला जाणवायची. "आला बघ भुंगा," असं तिचा बाबा एका रात्री बोलून गेला आणि तेच चिकटलं. याद्या काढत बसलो असतो तर हे शंभर वर्षांत सुचलं नसतं. तसंही स्वतःच्या नावाचा आवाज बाळं ओळखायला लागतात ती साधारण साडेचार महिन्यांची झाल्यावर. तोवर बाळाकडे नीट बघा, ऐका.

आणि घरातलं नाव घरातच राहील या भरवशावर राहू नका. टिळकांचं नाव केशव, पण जगानं उचललं ते घरातलं 'बाळ'. पेलेचं नाव एडसन, थॉमस एडिसनवरून ठेवलेलं, त्याला त्याचा अभिमान. शाळेत पोरं 'पेले' म्हणायला लागली तेव्हा तो मारामारीवर आला होता. म्हणून कळकळीनं सांगते, रंगावरून, अंगावरून, बोबड्या बोलण्यावरून नाव पाडू नका. 'लाडानं म्हणतो' हे मला अजिबात पटत नाही. ते पोर मोठं होऊन त्याच हाकेला ओ देणार असतं.

गेल्या वर्षी शाळेच्या फाटकाशी मी "भुंगा!" अशी हाक मारली. ती धावत आली, माझा हात खाली ओढला आणि कानात म्हणाली, "इथे नको ना." सात वर्षांची पोर. मी तिथल्या तिथे सॉरी म्हटलं. तेव्हापासून बाहेर ती आर्याच.

रात्री दिवा मालवला की मात्र पांघरुणातून आवाज येतो, "आई, भुंगा झोपला का, विचार ना."